चौकोनी कंसातले आवाज

४ फेब्रुवारी

ताई,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद. मायन्यावर वेळ घालवलेला नाही. तुला औपचारिक काही आवडत नाही आणि मला जमत नाही.

शुश्रूषा केंद्राचा फॉर्म मिळाला. बाबांची जागा ते महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवणार आहेत, हेही वाचलं. सही केलेली नाही. फॉर्मवर मुलांच्या सह्यांसाठी दोन जागा आहेत आणि दोन्ही कोऱ्या आहेत. म्हणजे तू स्वतःच सही करायला विसरलीस, ते कळवून ठेवते.

आता त्या आलेखाबद्दल. एकदा तू मला विचारलं होतंस, "तू दिवसभर नक्की करतेस तरी काय गं?" आणि मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून विषय संपवला होता. नीट सांगायला हवं होतं, म्हणजे पुढचं झालं नसतं.

घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांच्या मुलाखती आमच्या संस्थेने घेतल्या आहेत. टायपिस्ट त्या ऐकून कागदावर उतरवतात. तो मजकूर मी सॉफ्टवेअरवर चढवते आणि वाक्यावाक्याला लेबल लावते: थकवा, तक्रार, कर्तव्य, समाधान, मदतीची मागणी. या लेबलांना कोड म्हणतात. मजकूर खूप असल्यामुळे मी एक प्रोग्राम लिहिला आहे. तो आधी मजकूर साफ करतो आणि नेहमीची वाक्यं स्वतःच ओळखतो. उरलेली मी हाताने करते. मग त्यातल्या काही मुलाखती दुसरा माणूस माझे कोड न बघता पुन्हा कोड करतो. दोघांचं जुळलं तरच निष्कर्ष धरायचा. दुसऱ्या कोडरला पहिल्याचं मत आधी कळता कामा नये. हा नियम मला आवडतो. त्यात कुणाची भीड पडत नाही.

बाबांना झटका आल्यापासून दोन वर्षं तू मला जे व्हॉइस मेसेज पाठवलेस, त्यांच्यावर मी हीच पद्धत वापरली. "तक्रार" जवळजवळ नाही. "मदतीची मागणी" शून्य. सगळ्यात उंच खांब "समाधान"चा. बाबा आज पोटभर जेवले. बाबांची पाठ बरी आहे. बाबा खिडकीकडे बघून हसले. असं असताना तू एकदम "आता माझ्याने होत नाही, त्यांना केंद्रात ठेवू या" म्हणालीस, तेव्हा मी तो आलेख पाठवला. त्यावर तू लिहिलंस, "मी तुझी कितवी मुलाखत गं? माझेसुद्धा खांब काढलेस?" आणि नंबर बंद.

मला अजून त्यात चूक दिसत नाही. शब्द तुझेच होते. दोन वर्षांत जिने एकदाही "जमत नाही" म्हटलं नाही, तिला एका आठवड्यात जमेनासं का व्हावं, एवढंच मी विचारते आहे. काही आधार असेल तर पाठव. मग सहीचं बघू.

मी खोली बदलली आहे. पत्ता पाकिटावर आहे. इथली खुर्ची फार करकरते, त्यामुळे सलग बसवत नाही.

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पान मिळालं. एकच पान, तेही पेन्सिलने. गैरसमज नको म्हणून तुझंच तुला परत लिहून दाखवते:

"पत्र मिळालं. मोठ्याने वाचलं नाही. उत्तर लिहूनच देते, कारण लिहिताना आवाज होत नाही. आधार पाहिजे तर ये आणि घेऊन जा. हे म्हणाले, तुझ्या बहिणीला माणूस दिसला की तक्ता आठवतो. मी म्हटलं, असू दे, कधीतरी तक्ता बघून माणूस आठवेल. पेन्सिलने लिहिलंय. नको ते खोडून टाक, शहाणे."

भावोजींना सांग, तक्त्यात फक्त माणसंच असतात.

तुझी सुरुवातीची वाक्यं, मोठ्याने न वाचण्याची आणि आवाज न होण्याची, कुठल्याच कोडमध्ये बसत नाहीत. तात्पुरती बाजूला ठेवली आहेत. बाकीच्यात आधार असा काही नाही. टोमणे आहेत.

येणं शक्य नाही. अहवाल छापायला जायचा आहे. या अहवालावरून आरोग्य कार्यालय ठरवणार आहे की अशा घरांमध्ये दिवसातून थोडा वेळ मदतनीस पाठवायचे की नाही. आमच्या तक्त्यात "मदतीची मागणी" फारच कमी आली आहे, तेव्हा बहुधा नाहीच पाठवणार. मी येत नाही त्याला कामाशिवाय दुसरं कारण नाही.

झटक्यानंतर लगेच आले होते तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि तो आवाज काढला. त्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. मी गॅस बंद आहे का बघायला आत गेले. गॅस बंदच होता. हे इथे का लिहिलं माहीत नाही. हे जमेस धरू नकोस.

ऑफिसातही डोक्याला ताप आहे. प्रकल्पप्रमुख बाईंनी काही मुलाखती दुसऱ्या कोडरकडे दिल्या. तो आमच्याकडे नवीन आहे. कानावर कायम हेडफोन, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. टाइप केलेला मजकूर समोर असताना हा पठ्ठ्या मूळ ध्वनिमुद्रण ऐकत बसतो. आमचं दोघांचं इतकं कमी जुळलं की बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच मुलाखतीबद्दल बोलताय ना?"

मी म्हटलं, "त्याला कोडच्या व्याख्या पुन्हा वाचायला द्या."

तो म्हणाला, "पाठ आहेत मॅडम. तुम्ही एकदा ऐकून तर बघा."

"ऐकायला टायपिस्ट आहेत."

"मग वाचायला मशीन आहे की. आपण दोघं चहाला जाऊ."

सगळे हसले. मी गेले नाही. उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. त्याचं म्हणणं चूक आहे हे दाखवायला त्याच्याच मुलाखती तपासाव्या लागतील. तेवढा वेळ जाणार.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. सलग लिहिता येईल असं वाटत नाही.

रेडिओने आज मला त्याच्या टेबलाशी बसवलं. एक बाई आहे, सासूबाईंचं करते. माझ्याकडच्या मजकुरात ती म्हणते, "नाही, मला काही त्रास नाही. त्यांचं करायला मला आवडतं. सगळं छान चाललंय." मी कोड दिला होता "समाधान". त्याने दिला होता "थकवा" आणि "मदतीची मागणी". मला वाटलं, हा वेडा आहे.

त्याने टायपिस्टकडून आलेलं मूळ पान समोर ठेवलं. तुला जसंच्या तसं दाखवते:

"नाही, मला काही त्रास नाही. [खोकला, दुसरी व्यक्ती] त्यांचं करायला [थांबते] मला आवडतं. सगळं छान चाललंय. [मुलाखत संपली. दाराबाहेर, हळू आवाजात: अहो, तुमच्याकडून कुणी यायला मिळेल का? थोडा वेळ तरी? नुसतं बसायला?]"

जे प्रश्नावलीत बसत नाही ते टायपिस्ट चौकोनी कंसात टाकतात. आणि मी प्रोग्रामला सांगितलं होतं की चौकोनी कंस आणि त्याच्या आतलं सगळं काढून टाक.

"कंस कुठे गेले?" त्याने विचारलं.

"साफ केले. त्यात नुसता गोंगाट असतो. खोकला, भांडी, दारं."

"खोकतंय कोण?"

"मला काय माहीत?"

"सासूबाई, मॅडम. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. त्यांच्यासमोर ही बाई काय सांगणार? की मी या सासूबाईंना कंटाळले, साहेब?" मग हेडफोन गळ्यात सोडून म्हणाला, "प्रोग्राम झकास आहे हं तुमचा. घर झाडता झाडता माणसंच केराच्या टोपलीत."

मी आणखी मूळ पानं मागवली. मग आणखी. जवळजवळ प्रत्येक घरात अंथरुणावरचं माणूस त्याच खोलीत आहे. बहुतेक घरांत दुसरी खोली नाही, किंवा असली तरी त्या माणसाला एकटं सोडून उठता येत नाही. मागणी होती. ती दाराबाहेर होती.

प्रकल्पप्रमुख बाईंना जाऊन सांगितलं की मुख्य तक्ता चुकला आहे.

"छापखान्यात पाठवायच्या आदल्या आठवड्यात सांगतेस?"

"आज कळलं."

"बरं झालं कळलं. नसतं कळलं तर त्या बायांचं काय झालं असतं?" पुढे चष्मा पुसत म्हणाल्या, "बस आता एकेक कंस परत लावत. आणि त्याला घे सोबत."

काम सगळं पहिल्यापासून करायचं आहे. ते ठीक आहे. त्याबद्दल लिहायचं नव्हतं.

घरी आले, खुर्ची खिडकीशी नेली, परत आणली. तुझं पेन्सिलचं पान काढलं. "मोठ्याने वाचलं नाही." "लिहिताना आवाज होत नाही." ही वाक्यं मी बाजूला ठेवली होती.

बाबांना बोलता येत नाही. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नव्हे, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं आणि मी तिथेच उभी होते. माहीत असलेली गोष्ट मी हिशेबात घेतली नव्हती.

एक बाब पहिल्या पत्रात आलेली नाही. तुझे मेसेज मी कधी ऐकले नाहीत. सुरुवातीचे सोडले तर एकही नाही. बोलण्याचा मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातून काढून वाचत होते. वाचणं जलद होतं. आणि कुठे थांबायचं ते आपल्या हातात असतं.

तुझे मूळ मेसेज अजून माझ्याकडे आहेत. रेडिओचे हेडफोन मागून आणले आहेत. त्याने कशाला हवेत हे विचारलं नाही, नुसतं म्हणाला, "डाव्या बाजूची वायर सैल आहे, हाताने धरा."

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

काल रजा घेतली आणि ऐकले. वायर हाताने धरून.

तुझ्या प्रत्येक मेसेजमध्ये मागे एक श्वास आहे. जड, मध्येच अडकणारा. कपावर चमचा वाजतो. पलंगाचा कठडा वर होतो. तू ज्या आवाजात बोलतेस तो तुझा आवाज नाही, तापात पडलेल्या मुलाशी बोलावं तसा आहे. आणि शेवटी तू दर वेळी थोडी लांबून म्हणतेस, "हो ना, बाबा?" मजकुरात तेवढे शब्द कधी उतरलेच नव्हते, बहुधा तोंड फोनकडे नसल्यामुळे.

ते मेसेज तू मला पाठवत होतीस आणि बाबांना ऐकवत होतीस.

मग मी गाळलेले तुकडे काढले. माझ्या प्रोग्रामला अट होती: अगदी लहान तुकडे धरायचे नाहीत, त्यात अर्थ नसतो. तुझे बरेच मेसेज या अटीत गळले होते. मी ते वाचलेलेही नव्हते.

"फोन कर."

"आहेस का गं?"

"आज कर. जमलं तर."

"बरं, राहू दे."

यांच्यात तो श्वास नाही. आवाज घुमतो. खालून कुणाचं तरी दार लागतं. चपला वाजतात. तू जिन्यात उभी आहेस, हे कळायला एकदाच ऐकावं लागलं. आणि हा आवाज तुझा आहे. भांडणात वापरतेस तो, आई गेली तेव्हा मला "रडू नकोस, इकडे ये" म्हणालीस तो.

"मदतीची मागणी शून्य" हा निष्कर्ष चुकीचा होता. दुरुस्ती कळवते.

याहून जास्त लिहिलं तर ते मलाच खोटं वाटेल. मी कशी आहे ते तुला माहीत आहे.

फॉर्म टेबलावर आहे. सही करून पाठवू का, ते कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल. लहान तुकडे आता मी गाळत नाही.

धाकटी


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी पेनाने. मधला भाग मी इतक्यांदा वाचला आहे की घडीवर कागद फाटायला आला आहे:

"सही करून पाठवू नकोस. आणि मी सही करायला विसरले नव्हते. विसरायला मी काय तू आहेस? मला करता आली नाही.

तुला फॉर्म पाठवायच्या आधी मी बाबांना विचारलं होतं. समोर बसून, हात हातात घेऊन. बाबा, तिकडे राहायला जाल का, तिथे नर्स असतात, मी रोज येईन. त्यांनी माझा हात दाबला. आता तो 'हो' म्हणून दाबला की 'सोडू नकोस' म्हणून, ते मला कळेना. मला जे हवं होतं तेच मी ऐकत असेन, असं वाटायला लागलं. हे म्हणाले, हो म्हणाले असतील. पण यांना मी दमलेली दिसते, म्हणून हे तेच म्हणणार. 

तुझ्याकडे फॉर्म मदत मागायला पाठवला नव्हता गं. तुझं पत्र आल्यावर मला त्याला शब्द मिळाला. मला दुसरी कोडर हवी होती.

मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही. तुझा तो नियम आहे ना."

बरं केलंस लिहिलं नाहीस.

मी २८ला येते. सकाळच्या गाडीने निघते. मी आत जाईन तेव्हा तू खोलीत थांबू नकोस. मी बाबांना स्वतंत्रपणे विचारीन. मग दोघी आपापलं उत्तर कागदावर लिहू आणि कागद बदलू. तोपर्यंत एकमेकींशी त्या विषयावर बोलायचं नाही. तू मला चेहऱ्यावरूनही काही सांगू नकोस. लहानपणी पत्ते खेळताना तुझा चेहरा सगळं बोलायचा.

गॅस बघायला आत जाणार नाही.

कपडे भरले, काढले, पुन्हा भरले. फॉर्म पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

धाकटी


२८ फेब्रुवारी, जिन्यात

ताई,

तू आत बाबांना चहा देते आहेस. हा माझा कागद.

आधी पद्धत सांगते. मी त्यांचा हात घेतला. त्यांनी पुन्हा तोंड उघडून तो आवाज काढला आणि मी बसून राहिले. मग विचारलं, "बाबा, केंद्रात राहायला जायचं का?" त्यांनी हात दाबला. तुझ्यासारखंच मलाही कळलं नाही. म्हणून मी थोड्या वेळाने काहीही न विचारता नुसती खुर्चीतून उठले. तेव्हाही दाबला. आणखी जोरात. बसले, तर सैल. पुन्हा उठले. पुन्हा दाबला.

माझं उत्तर असं आहे: तो "हो" नव्हता. ते धरून ठेवत होते.

हे मऊ शब्दांत लिहिता आलं असतं. पण तू दुसरी कोडर मागितली होतीस.

आता पद्धतीबाहेरचं. मघाशी तू त्यांना कुशीवर वळवलंस तेव्हा मी दारात होते, तुझी पाठ माझ्याकडे होती. वळवून झाल्यावर तू भिंतीला कपाळ टेकून उभी राहिलीस. खूप वेळ. आणि तोंडाने म्हणत होतीस, "झालं हं बाबा, काही नाही, झालं." बाबांना भिंत दिसत नव्हती. मला दिसली.

म्हणून मी त्यांना सांगितलं. त्यांच्यासमोर, नेहमीच्या आवाजात. म्हटलं, "बाबा, ताई दमली आहे. ती तुम्हाला कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तिला हे आता एकटीने झेपत नाही आणि मी दोन वर्षं आले नाही. तुम्हाला जायचं नाहीये, हे मला कळलं आहे. तरी मी सही करणार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. हात सोडला नाही. याला मी कोणताही कोड दिलेला नाही.

फॉर्म या कागदाच्या आत आहे. वरच्या जागेत माझी सही आहे, पहिल्या लेकीच्या. ती जागा तुझी होती, पण आधी कुणी सही केली हे उद्या त्यांना कळायचं असेल तर ती माझी असू दे. खालची जागा कोरी आहे. तुझ्या कागदावर काय लिहिलं आहेस ते मला माहीत नाही. तू "तो हो होता" असं लिहिलं असशील तर आपलं जुळलं नाही. मी सही मागे घेणार नाही. तू करणार नसशील तर फॉर्म फाडू. मग मी इथे राहते, आणि कंस इथूनही परत लावता येतात, बाईंना मी विचारून आले आहे. पण या दोन्हीपैकी काहीही तुझ्या एकटीच्या नावावर राहणार नाही.

कपावर चमचा वाजतो आहे. तू म्हणते आहेस, "सगळं छान आहे हं, बाबा."

कप ठेव आणि बाहेर ये. तुझा कागद घेऊन ये. इथे मोठ्याने बोलता येतं.